दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मधे

स्क्रीनगार्ड चिकटवणाऱ्या आदिनाथने काचेखालचा शेवटचा बुडबुडा अंगठ्याने कडेपर्यंत ढकलत आणला आणि तो बाहेर पडायच्या आतच थांबून म्हणाला, “सर, तुम्ही हे बघितलं का?” संगमेश्वर सर नव्हता. लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत शर्ट खोचून उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाला सर म्हणायची पद्धत आहे, आणि त्या दिवशी त्याने शर्ट खोचला होता. आदिनाथने स्वतःचा मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर एका दारापुढे मान पुढे काढून एक उंच प्राणी उभा होता. हात गुडघ्यांच्या खाली लोंबणारे. गळ्याला पांढरं फडकं, ते एका बाजूला घसरलेलं, आणि त्याखाली गळ्यातच एक गोल भोक. खाली मजकूर होता: किनवटच्या जंगलातून निघालेला तिनकड्या मुखेड ओलांडून जळकोट तालुक्यात शिरला आहे. दाराची कडी तीन वेळा वाजते. पहिल्या कडीला ओ देऊ नका. उंबऱ्यावर लिंबू कापून ठेवा. तो भगर खात नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मधे तो काही क्षण हतबल असतो, त्याच वेळी वार केला तर मरतो. दहा जणांना पाठवा. “लई डेंजर हाय म्हणं,” आदिनाथ म्हणाला. “आमच्या मेव्हण्याच्या गावात काल सगळे काठ्या घेऊन बसले होते.” संगमेश्वरला सर्वांत आधी बरं वाटलं. चित्र मोबाईलवर चांगलं दिसत होतं. हे बरं वाटणं जेमतेम एक श्वासभर टिकलं, पण नंतर दिवसभर त्याला त्याचीच लाज वाटत राहिली. मग तो खाली ‘हतबल’ या शब्दापाशी आला आणि त्याचे कान गरम झाले. लातूर-नांदेड धरून दोन जिल्ह्यांत राक्षसाच्या बाबतीत हतबल हा शब्द वापरणारा माणूस एकच होता, आणि त्याचा फोन आत्ता आदिनाथच्या अंगठ्याखाली होता.

संगमेश्वर राक्षस तयार करून विकत असे. हे वाक्य त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगून झाल्यावर पुढचं वाक्य काय असतं हे त्याला माहीत नव्हतं. परदेशात चांगली मोठी, नोकरीधंद्याची, गुडघे दुखणारी माणसं शनिवारी टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे होतात, आणि कोण वाचलं कोण मेलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. योद्ध्यांना लढायला राक्षस लागतात. जुने राक्षस दोन-तीन वर्षांत सगळ्यांना पाठ होतात, पाठ झालेल्याची भीती वाटत नाही, म्हणून नवे लागतात. प्रत्येकाचा एक कागद असतो: जीव किती, कवच किती, सवय काय, वार काय, आणि सगळ्यांत शेवटी कमजोरी. आई पाहुण्यांना सांगायची, कंपनीचं काम करतो. कुठल्या कंपनीचं, असं विचारलं की म्हणायची, बाहेरच्या. आणि ‘बाहेरच्या’ म्हणताना आवाज असा खाली आणायची की पाहुणे पुढचं विचारायचेच नाहीत. संगमेश्वरने पाच वर्षांत एकेचाळीस राक्षस केले होते. विहिरीतला, कडब्याच्या गंजीतला, डाळ मिलच्या भुश्शातून माणसाचा आकार घेणारा. हे सगळे त्याने डोक्यातून काढले होते आणि ते बेताचेच चालले. बेचाळिसावा त्याने डोक्यातून काढला नाही. तो आयता होता. आणि तोच गाजला.

कंपनीतली इंग्रिड नावाची बाई, जी प्रत्येक वाक्याला तीन उद्गारचिन्हं द्यायची, तिने पहिला मसुदा वाचून लिहिलं होतं की हा आम्ही बघितलेला सर्वांत भयंकर राक्षस आहे!!! मला झोप लागली नाही!!! पण याला कमजोरी नाही. हे अन्यायाचं आहे. खेळणाऱ्याला मारायची एक जागा दिली पाहिजे. शुक्रवारपर्यंत. संगमेश्वर गुरुवारी रात्रभर डोळे मिटून त्या लांब हातांच्या माणसाला आठवत राहिला, त्याला कुठे मारता येईल याचा शोध घेत. माणसाला असं आठवता येतं हे त्याला त्या रात्री कळलं. पाठ भक्कम होती. पाय भक्कम होते. मग त्याला ते थांबणं आठवलं. जिन्यावर, दारात, ताटावरून उठताना. दोन हालचाली झाल्या की तिसरीच्या आधी तो माणूस थांबायचा आणि गळ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा, कारण तीन वर्षांपूर्वी घशातल्या गाठीबरोबर आवाजही काढून टाकल्यापासून सिद्धराम काका नाकाने नव्हे, गळ्याच्या भोकातून श्वास घेत होते. संगमेश्वरने लिहिलं, दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मधे. इंग्रिडने लिहिलं, परफेक्ट!!! चित्र छापून आलं त्या दिवशी त्याने ते आणि कागदाचं मराठी भाषांतर स्वतःच्या स्टेटसला ठेवलं. एकतीस जणांनी बघितलं. कुणी काही म्हणालं नाही, याचं त्याला वाईट वाटलं होतं.

आता तो उदगीरच्या बसमध्ये खिडकीपाशी बसला होता. बसायला जागा मिळाली याचाही त्याला राग आला. उभं राहून आलो असतो तर काहीतरी केल्यासारखं वाटलं असतं. उद्या जळकोटला शिवकन्येचं लग्न होतं. शिवकन्या सिद्धराम काकांची मुलगी, आणि ते घर काकांचं तेवढंच त्याचंही, कारण वडील लातूरला दुकान जमवत होते ती पहिली दहा वर्षं तो काका-काकूंकडेच वाढला होता. तो उद्या सकाळी सगळ्यांबरोबर गाडीने जाणार होता, शर्ट त्यासाठीच नवा घेतला होता. नळेगाव यायच्या आत त्याने रत्नम्मा काकूंना चार वेळा फोन लावला. पाचव्यांदा उचलला गेला आणि आधी मांडववाल्याला घातलेल्या शिव्या ऐकू आल्या. “काकू, काका कुठं हायत?” “कुठं म्हंजे? आवतनाला गेलेत.” “कुणाबरोबर?” “कुणाबरोबर कशाला? पायानं. पत्रिका मोबाईलवर सगळ्यांना पाठवली शिवकन्येनं. तर कालपासून ऐकंनात. पाटीवर लिहून दाखवलं मला, मोबाईलवर कुत्र्यालाबी बोलवतात. अक्षता घेऊन दारोदार फिरून ऱ्हायलेत सकाळपासून.” “फोन न्हेलाय का?” “संगू, बाबा, त्यांनी फोनवर काय करावं? शिट्ट्या?” मागे कुणीतरी हसलं. मग काकूचा आवाज जरा जवळ आला. “आरं, तो फोटो आलाय का रे तुला? राक्षसाचा. मेल्यानं कुणी काढलाय कुणास ठाऊक. मी दाखवला ह्यांना, गंमत म्हणून. लई वेळ बघत बसले. चष्मा मागितला. मग ते गळ्याचं बोटानं मोठं करून बघितलं.” बस एका खड्ड्यातून गेली. “मग?” “मग काय. उठून अक्षता भिजवायला घेतल्या.”

ते भोक घराबाहेर कुणी पाहिलेलं नव्हतं. काकांनी तीन वर्षांत फडक्याची गाठ परक्यासमोर सुटू दिली नव्हती. ऑपरेशनच्या वेळी गळ्यातलं इष्टलिंग काढायला सांगितलं तेव्हा ते मुठीत धरून आत गेलेला माणूस, बाहेर आल्यावर त्याने पहिल्यांदा हाताने विचारलं ते लिंगाचं आणि दुसऱ्यांदा फडक्याचं. फडकं काकू बांधायची, शिवकन्या धुवायची, आणि एकदा, दोघीही बाहेर असताना खोकल्याची उबळ आली म्हणून, संगमेश्वरने ते सोडून नळी पुसली होती. काकांनी तेवढा वेळ भिंतीकडे बघितलं होतं आणि त्याने भोकाकडे. अगदी नीट बघितलं होतं. त्या वेळी त्याला दया आली होती, असं तो स्वतःला सांगत आला होता. आता खिडकीच्या गजाला कपाळ टेकून त्याला आठवलं की दया यायच्या आधी एक अगदी लहानसा विचार आला होता, की हे कुणाला सुचणार नाही. एखादा गवंडी पडक्या घरात शिरल्यावर आधी विटा बघतो तसं. चित्रकाराला त्याने ते फडक्याच्या घसरण्यासकट लिहून पाठवलं होतं, कडेचा रंगसुद्धा. म्हणजे काकांना चित्रात स्वतःचा गळा दिसला असेल तर चित्र काढून घेणाऱ्याचं नाव तिघांतूनच शोधायचं होतं, आणि त्यांतल्या दोघी मांडवाच्या कामात होत्या.

उदगीरला त्याने काळी-पिवळी धरली. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक विषय होता. एक बाई सांगत होती की देगलूरला तिनकड्याने एका घराची कडी वाजवली आणि त्या घरातलं दूध तीन दिवस तापेना. फेटेवाले गृहस्थ म्हणाले, दूध तापत न्हाई ते गॅस संपल्यानं. ते चिकित्सक होते, पण तिनकड्या आहे याबद्दल त्यांनाही शंका नव्हती. त्यांचा वाद फक्त दुधापुरता होता. संगमेश्वर ऐकत होता आणि भीतीच्या शेजारी बसून त्याच्यातला कारागीर माना डोलवत होता. दूध चांगलं होतं. दूध त्याला सुचायला हवं होतं. भगर तर फारच चांगली होती, तिला काही कारणच नव्हतं. पाच वर्षं तो विजेच्या वेगाचा आणि विषाचा हिशोब करत राक्षस रचत होता आणि इथे लोकांनी दोन आठवड्यांत, फुकट, त्याच्याहून बरा करून टाकला होता. त्याच्या मूळ कागदातलं आता जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. एक वाक्य तेवढं कुणी बदललं नव्हतं, कारण ते सोयीचं होतं. ‘मारला तर मरतो’ हे कळल्यावर माणूस बाकीचं कशाला दुरुस्त करेल. त्याने विचारलं, “मारलाय का कुणी?” सगळे त्याच्याकडे बघायला लागले. “अजून न्हाई,” फेटेवाले म्हणाले. “पण यायचाय की.”

पूर्वी हे असं नव्हतं. म्हणजे कडी होतीच. काका पहिल्यापासून तीनदाच कडी वाजवायचे, पण तिसरी वाजायच्या आधीच त्यांचा आवाज घरात पोचलेला असायचा. गावात कुणाचंही लग्न असो, आवतन सिद्धरामअप्पाच देत. तो आवाज एका आळीतून दुसऱ्या आळीत ऐकू जायचा, आणि लोक म्हणायचे, अप्पांनी एका दारात आवतन दिलं की पुढच्या चार घरांचं फुकटात होतं. सहा-सात वर्षांचा संगमेश्वर त्यांच्या खांद्यावर बसलेला असायचा. कडी तो वाजवायचा, ओरडायचे काका, आणि तो आवाज त्याच्या मांड्यांतून थरथरत वर यायचा, पिठाच्या गिरणीवर बसल्यासारखा. आवाज गेल्यावर काकांनी आवतनं सोडून दिली होती. तीन वर्षांत एकदाही गेले नव्हते. त्यामुळे जळकोटात आता, दार न उघडता, नुसती तीनदा वाजलेली कडी ऐकून, सिद्धरामअप्पा आले असं कोण म्हणणार होतं?

जळकोटच्या स्टँडवर उतरला तेव्हा साडेपाच वाजले होते. काकूने फोनवर सांगितलं, जुनं गाव उरकलं, आता प्लॉटिंगकडे गेलेत. हे ऐकून तो पळायलाच लागला. जुन्या गावात निदान दारं उघडी असतात. प्लॉटिंग म्हणजे स्टँडमागची नवी वसाहत. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली माणसं, लोखंडी दारं, एकमेकांना ओळखायला अजून कुणाला वेळ मिळालेला नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दर उंबऱ्यावर कापलेलं लिंबू होतं. पहिलंच घर सुदर्शनचं, शाळेत त्याच्या बाकावर बसणारा, जुन्या गावातून इथे राहायला आलेला सुदर्शन. त्याने हाक मारली तशी दाराची फट झाली, एका हाताने त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि मागे अडसर बसला. “येडा हायस का? बाहेर काय करून ऱ्हायलास?” आत सुदर्शन होता, त्याच्या हातात क्रिकेटची बॅट होती, शेजारचे दोघे होते, एकाकडे पहार आणि एकाकडे कपडे धुवायची मोगरी. मोगरीवाला जरा ओशाळलेला होता. आतल्या दारात सुदर्शनची आई, सिंधुमावशी, शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, “संगू का? वाळलास रे.”

“ऐक,” संगमेश्वर म्हणाला, “तो तिनकड्या खरा न्हाई. मी केलाय.”

“तू केलास म्हंजे?” सुदर्शनने विचारलं. “किनवटात न्हेऊन सोडलास?”

“कागदावर केलाय. खेळ असतो. मी लिहितो, पैसे देतात. चित्र दुसरा काढतो.”

पहारवाल्याने मोबाईल काढून चित्र पुन्हा बघितलं. “ह्यात हात आखूड दाखवलेत,” तो म्हणाला. “माझ्या साडूनं बघितलाय. जमिनीला टेकतात.”

“टेकत न्हाईत. मी गुडघ्यापर्यंतच लिहिलेत.”

“तुम्ही बघितलाय का?”

“अहो, मी केलाय.”

“मग भगर का खात न्हाई, सांग,” सुदर्शन म्हणाला.

“भगर माझी न्हाई!” संगमेश्वर ओरडला. “लिंबूबी माझं न्हाई. दूध माझं न्हाई!”

“बघा,” मोगरीवाला हळूच म्हणाला. “ह्यांनाच सगळं ठाऊक न्हाई.”

एक वाक्य पुरलं असतं. सिद्धराम काका आवतन देत फिरतायत, आत्ता येतील, दार उघडं ठेवा. इतकंच. बस नळेगावला होती तेव्हापासून ते त्याच्या जिभेवर तयार होतं. पण पहारवाल्याच्या हातात चित्र उघडं होतं. ते वाक्य उच्चारलं की चौघंही त्या चित्राकडे पुन्हा एकदा बघणार, आणि या वेळी त्यांना हात ओळखू येणार, मान ओळखू येणार, फडकं ओळखू येणार, आणि मग हळूहळू सगळे त्याच्याकडे बघणार. सिंधुमावशी बघेल. उद्या मांडवात, वरातीत, पंगतीत एकेकजण काकांच्या गळ्याकडे बघेल आणि नंतर त्याच्याकडे. त्याने ठरवलं होतं की आधी राक्षस खोटा ठरवू, म्हणजे काकांचं नाव घ्यायची गरजच पडणार नाही. हुशारी अशीच असते. ती नेहमी एक वाक्य वाचवायला जाते. तो फाशांबद्दल सांगायला लागला. वीस बाजू असतात, म्हणाला. पहारवाल्याने विचारलं, एवढ्या कशाला? आणि तो त्याचं उत्तर द्यायला लागला, खरंच द्यायला लागला, तेव्हा बाहेरच्या फाटकाची कुरकुर झाली आणि लोखंडी दाराची कडी वाजली.

सिंधुमावशीच्या हातातली शेंग फुटायची राहिली. सुदर्शनने बोट ओठांवर ठेवलं आणि बॅट दोन्ही हातांत घेतली. त्याचे तळवे घामाने चकाकत होते. त्याला भीती वाटत होती, आणि संगमेश्वरला कळलं की हा माणूस घाबरलेला आहे म्हणूनच जोरात मारणार. कडी दुसऱ्यांदा वाजली. मग काही नाही. दारापलीकडून बारीक शिट्टी ऐकू आली, आत ओढलेली, मग बाहेर सोडलेली, मग पुन्हा आत. हा आवाज चित्रात आला नव्हता. कागदावर ‘क्षण’ लिहिताना त्याला वाटलं होतं की क्षण लहान असतो. तो भलताच मोठा निघाला. त्यात सुदर्शनने अडसर काढला, पहारवाला डावीकडे सरकला, मोगरीवाल्याने डोळे मिटले, आणि तरीही जागा उरली. त्या उरलेल्या जागेत संगमेश्वरने तोंड उघडलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. नुसती हवा. दार आत खेचलं गेलं, उजेड आला, उजेडात हात वर उचललेली ती उंच आकृती आली, बॅट वर गेली, आणि शब्द येईनात म्हणून संगमेश्वर स्वतःच मधे गेला. घाव त्याच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला बाहेरून कुणाचा तरी यावा तसा ऐकू आला. तेव्हा कुठे आवाज फुटला. “काका हायत! आमचे काका हायत!”

सुदर्शनच्या हातातून बॅट गळाली. काका दारात उभे होते. धोतर, कोट, गळ्याला धुतलेलं फडकं, गाठ पक्की. एका हातात पितळी तांब्या, त्यात पिवळ्या अक्षता. त्यांनी खाली बसलेल्या पुतण्याकडे बघितलं, बॅटकडे बघितलं, पहारवाल्याच्या हातातल्या उघड्या चित्राकडे बघितलं. मग उघड्या दाराच्या कडीला हात घातला आणि तिसऱ्यांदा वाजवली, कारण दोन कड्यांचं आवतन होत नाही. “अगं बया, सिद्धरामअप्पा!” सिंधुमावशी पदर डोक्यावर घेत पुढे आली, कापलेलं लिंबू तिने पायाने बाजूला सारलं, आणि ओंजळ धरली. काकांनी तिच्या ओंजळीत अक्षता घातल्या, पंजा पालथा करून खाली दाबून दाखवला: उद्या चूल बंद, सगळ्यांनी जेवायला यायचं. “येतो की अप्पा,” ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. सुदर्शन काहीतरी बोलायला लागला तर त्याच्याही हातावर अक्षता पडल्या. पहारवाल्याच्या. मोगरीवाल्याच्या. त्यांनी हत्यारं काखेत धरून दोन्ही हातांनी घेतल्या.

मग काका वाकले. संगमेश्वर भिंतीला टेकला होता, खांद्यात आग होती, आणि त्याला वाटलं आता ते उचलतील, किंवा मारतील. दोन्ही त्याला चाललं असतं. त्यांचा गळा त्याच्या डोळ्यांसमोर होता. फडक्यामागे श्वास जात होता, येत होता. काकांनी त्याचा उजवा हात उघडला, त्यात अक्षता ठेवल्या, आणि पंजा पालथा करून दाखवला.

“आता गं बाई,” सिंधुमावशी म्हणाली, “घरच्यालाच आवतन देतेत व्हय अप्पा? आवतन परक्याला असतंय.”

काकांनी मान हलवली. होकाराची. ते सरळ उभे राहिले आणि पुढच्या घराकडे वळले. “अप्पा, थांबा, म्या येतो पुढं,” म्हणत सुदर्शन चपला न घालताच धावला, आणि ओळीने एकेका दारावर थाप मारत ओरडायला लागला, “दारं उघडा रं! सिद्धरामअप्पा आवतन घेऊन आलेत! उघडा दारं!” अडसर निघाल्याचे आवाज येत गेले. पहारवाला पहार टाकून मागोमाग गेला. मोगरीवाला दवाखान्याची रिक्षा बघतो म्हणाला. संगमेश्वरने मूठ मिटली नाही, मिटायची की नाही ते त्याला कळेना. उद्या दुपारी साडेबाराला, त्याच्या स्वतःच्या घरी, त्याला जेवायला बोलावलं होतं.